एका गिटारची शास्त्रशुद्ध निवड

वापरलेली गिटार कशी निवडावी, यावर माझ्याइतका नेमका सल्ला तुम्हाला कुणी देणार नाही. लोक काय करतात? दुकानात जातात, दोन तारा छेडतात, डोळे मिटतात आणि पैसे देऊन घरी येतात. याला निवड म्हणत नाहीत. याला प्रेमात पडणं म्हणतात, आणि त्याचे परिणाम घरोघरी दिसतात.

मी पदार्थविज्ञान शिकले आणि गेली अठरा वर्षं मोजमापांच्या प्रयोगशाळेत आहे. तराजू, वजनं, तापमापक, मोजपट्ट्या आमच्याकडे येतात आणि ती खरं बोलतात की नाही, हे आम्ही ठरवतो. तेव्हा सहा तारांचं लाकडी खोकं निवडणं मला जड जाईल, असं मला वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आमच्या मुलीला आम्ही टिटवी म्हणतो. वय पंधरा, बोलणं अखंड. संगीतशाळेच्या वाद्यवृंदात गिटारची एकच जागा रिकामी झाली होती आणि तिची निवड रविवारी होती. दोन वर्षं टिटवी या एका जागेकडे डोळे लावून बसली होती. अडचण तिच्या गिटारची होती. तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या वर होत्या, की त्यांवर कपडे वाळत घालता आले असते. एक सूर दाबायला तिला दोन बोटं लागत.

"आई, थोडी बरी गिटार घेऊ या ना," ती म्हणाली. "नवी नको. वापरलेली चालेल."

"आधी हिच्यात दोष काय आहे ते पाहू," मी म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी मी फीलर गेज काढली. म्हणजे पोलादाच्या, कागदासारख्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. फट किती आहे ते त्याने मोजतात. तारा जिथे अडकवलेल्या असतात, त्या लाकडी ब्रिजखाली मी पट्टी सरकवली. शून्य दशांश तीन मिलिमीटर गेली. चार गेली. पाच गेली.

"पाहिलंस? ब्रिज उचलला गेलाय. कधीही सुटेल," मी म्हणाले.

तो तेव्हाच सुटला. सहा तारांनी त्याला भिरकावलं आणि तो नवऱ्याच्या चहाच्या कपात जाऊन पडला.

"निदान बरोबर होतं," नवरा कपात पाहत म्हणाला.

टिटवी काहीच बोलली नाही. जन्मापासून हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी जरा घाबरले. आता गिटार नव्हती आणि मध्ये तीन दिवस होते.

रात्रीच्या जेवणाआधी मी तक्ता तयार केला. निकष चौदा, प्रत्येकाला वेगळा भारांक, एकूण गुण शंभर. मान सरळ आहे का, लाकडाला तडा आहे का, फ्रेट म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्या, त्यांची झीज किती. "आवाज" या निकषाला मी आठ गुण ठेवले.

"आठच?" टिटवी किंचाळली. तिला वाचा फुटली, हे बरं झालं.

"आवाज व्यक्तिनिष्ठ असतो," मी समजावलं.

गुरुवारी मी कामावरून थेट जुन्या वाद्यांच्या दुकानात गेले. टिटवी तिथेच भेटली. दुकान अरुंद आणि खोल होतं. एका बाजूला व्हायोलिनं टांगलेली, दुसऱ्या बाजूला ढोल एकावर एक रचलेले, आणि मधोमध चष्मा कपाळावर चढवलेले दुकानदार. मी माझी पेटी काउंटरवर ठेवली. पेटीवर 'वजन-मापे प्रयोगशाळा' असं लिहिलेलं असतं. गळ्यात ओळखपत्र तसंच राहिलं होतं. मी बारीक मापं घेणारा व्हर्नियर काढला, पोलादी पट्टी काढली, भिंग काढलं, वही उघडली.

दुकानदारांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला.

"बसा ना मॅडम! चहा घेणार? खुर्ची पुसून देतो!"

"चहा नको. सगळ्या वापरलेल्या गिटार दाखवा."

"सगळ्या?"

"हो. आणि प्रत्येकीबद्दल जे खरं असेल ते सांगा."

कुठल्याही विक्रेत्याला मी हेच सांगते. पण यांनी ते फारच मनावर घेतलं. पहिली गिटार हातात देताना ते म्हणाले, "मॅडम, ही एकदा पडली होती. मान चिकटवलीय." मी वहीत लिहिलं. दुसरीला म्हणाले, "हिचा रंग मी दिलाय. नवी म्हणून विकणार होतो." मी लिहिलं. तिसरीपाशी त्यांनी घाम पुसला. "या कंपनीचं नाव मीच छापून घेतो." तेही लिहिलं. इतका प्रामाणिक दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता! भिंतीवरच्या व्हायोलिनांविषयीही ते आपणहून सांगू लागले. मी त्यांना थांबवलं. व्हायोलिनं माझ्या तक्त्यात नव्हती.

तेवढ्यात टिटवीने कोपऱ्यातली एक काळपट, कडा घासलेली गिटार उचलली आणि एक सूरमेळ छेडला. दुकानातले ढोलसुद्धा किंचित गुणगुणले.

"आई, ही."

"चार सेकंदांत निष्कर्ष काढता येत नाही."

"मी काढला."

मी त्या गिटारचे गुण काढले. एकाहत्तर आले. शेजारच्या एका चकचकीत गिटारचेही एकाहत्तर आले. आता फ्रेटमधली अंतरं शतांश मिलिमीटरपर्यंत मोजल्याशिवाय निर्णय होणार नव्हता आणि तेवढं बारीक यंत्र आमच्या प्रयोगशाळेतच होतं.

"ही काळी मी प्रयोगशाळेत नेऊन तपासते," मी म्हणाले.

दुकानदार पांढरे पडले. "प्रयोगशाळेची काय गरज मॅडम? आपण इथेच मिटवू ना!"

"मिटवण्यासारखं काय आहे? मोजायचं आहे."

"निम्म्या किमतीत देतो!"

"मला सूट नको. मला खरा आकडा हवा."

त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तिला मी तेव्हा आदर समजले. "न्या मॅडम," ते खोल आवाजात म्हणाले. "हवे तेवढे दिवस ठेवा."

शुक्रवारी सकाळी मी गिटार घेऊन प्रयोगशाळेच्या दारातून आत शिरले. तिथे शिक्केमामा बसतात. नोकरीची बत्तीस वर्षं त्यांनी फक्त शिक्के मारले आहेत आणि एकही वाकडा मारलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप मोजून घ्यायचं, असा माझा बेत होता.

"थांबा बाई," मामांनी नोंदवही उघडली. "नमुना क्रमांक चारशे सात."

"मामा, ही नमुना नाही. माझी आहे. म्हणजे, होणार आहे."

"नियम अकरा. दारातून आत आलेली प्रत्येक वस्तू नमुना समजावी. डबा आणि छत्री सोडून."

"तो नियम कुणी लिहिलाय?"

"तुम्ही," मामा म्हणाले.

खरं होतं. सहा वर्षांपूर्वी, मोठ्या उत्साहात. लिहिताना गिटारचा विचार सुचला नव्हता.

नमुना चोवीस तास वीस अंश तापमानात ठेवावा लागतो. (नियम चार. मीच.) म्हणून गिटार शुक्रवारभर काचेच्या खोलीत, दोन तराजूंच्या मध्ये, पेशंटसारखी पडून राहिली. शनिवारी सकाळी मी ती मोजली. काय सांगू तुम्हाला! एकोणीस फ्रेट आणि एकाही अंतरात पाच शतांशांपेक्षा जास्त चूक नाही. लाकडाच्या वस्तूत इतका सच्चेपणा मी पाहिला नव्हता. चकचकीत गिटारला पुन्हा भेटायची गरजच उरली नाही. टिटवीचा निष्कर्ष बरोबर होता, फक्त तिच्याकडे आकडे नव्हते.

आनंदाने मी गिटार उचलली आणि दाराशी गेले.

"प्रमाणपत्र?" मामा म्हणाले.

योग्य ठरलेला नमुना प्रमाणपत्राशिवाय बाहेर जात नाही. त्यावर माझी आणि संचालकांची सही लागते. संचालक रजेवर होते, सोमवारी येणार होते. निवड रविवारी सकाळी दहाला होती.

"मामा, दुसरा काही मार्ग?"

मामांनी नियमावली मनातल्या मनात चाळली. "अयोग्य ठरलेला नमुना त्याच दिवशी परत करता येतो. त्याला तुमची एकटीची सही चालते."

अठरा वर्षांत मी एकही चुकीचा निकाल दिला नव्हता. मी त्या गिटारकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग टिटवीचा बुधवारचा चेहरा आठवला. परतीच्या अर्जावर लिहिलं: 'अयोग्य. कारण: या वस्तूसाठी प्रमाण उपलब्ध नाही.' सही केली. नेहमीप्रमाणे वाचता येण्यासारखी.

"आता शिक्का," मामा उठले.

"मागच्या बाजूला मारा, मामा. बारीकसा."

"दर्शनी भागावर. आकार नमुन्याच्या लांबीप्रमाणे." त्यांनी फीत लावली. गिटार एक मीटरच्या वर दोन सेंटिमीटर भरली. मामांचे डोळे चमकले. एक मीटरच्या वरचा शिक्का ट्रकच्या वजनकाट्यासाठी करून घेतलेला आहे आणि तो वापरायची संधी त्यांना अकरा वर्षांत मिळाली नव्हती.

त्यांनी तो दोन्ही हातांनी मारला. अगदी सरळ! लाल अक्षरांत, गिटारच्या छातीवर: 'वापरण्यास अयोग्य'. खाली, दिलेल्या चौकटीत, माझी सही. मामांनी त्यावर हळुवार फुंकर घातली.

ही शाई जात नाही. नऊ शाया तपासून ती मीच निवडली होती. तिला काढणारं एकच रसायन मला माहीत आहे; मागच्या बाजूला थेंबभर लावून पाहिलं, तर पॉलिशही गेलं आणि शाईला न दुखवता लाकूड पांढरं झालं.

दुपारी पैसे द्यायला मी टिटवीला घेऊन दुकानात गेले. टिटवीने शिक्का पाहून जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याला वीस मिनिटं लागली होती. दुकानदारांनी गिटारवरची लाल अक्षरं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली, आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"मॅडम, दुकान आजपासून बंद समजा! मला दोन मुलं आहेत!"

"असं का करता? मला ही विकत घ्यायची आहे."

"अयोग्य ठरवून विकत घेता?"

"हो."

"का?"

"कारण ती उत्कृष्ट आहे."

मग त्यांच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाल्याचे भाव आले. "समजलं. अयोग्य माल विकताना मला पकडायचंय! नाही विकणार. मेलो तरी नाही विकणार!"

"मग अशीच देता?"

"ती लाच होईल!" ते ओरडले.

गिटार त्यांनी छातीशी धरली. विकायला तयार नाहीत, द्यायला तयार नाहीत. शनिवारचे साडेचार वाजले होते. मी माझी वही काढून शांतपणे समजावू लागले, तसे ते आणखी मागे सरकले आणि ढोलांची उतरंड कोसळली.

शेवटी टिटवी पुढे झाली. "काका, ऐका ना. आई इन्स्पेक्टर वगैरे कुणी नाहीये. ती फक्त अशीच आहे."

"अशीच?"

"घरीसुद्धा. पोळ्यांचा व्यास मोजते."

दुकानदारांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी नाकारावं असं त्यात काही नव्हतं. त्यांच्या अंगातली भीती निघून गेली आणि तिथे दुकानदार परत आला. त्याबरोबर किंमतही परत आली. निम्मी नव्हे, पूर्ण.

"शिक्क्यामुळे काही कमी?" मी विचारलं.

"शिक्का तुमचा. लाकूड माझं."

आमच्या ठरलेल्या रकमेत ती जेमतेम बसली. गिटारच्या कव्हरचे पैसे उरले नाहीत. टिटवीने ती जुन्या चादरीत गुंडाळून आणली.

रविवारी निघण्यापूर्वी नवऱ्याने शिक्क्यावर सूर्यफुलाचं मोठं स्टिकर चिकटवलं. मी चिकटपणा तपासणार होते, पण घरात कुणी मला गिटारजवळ येऊ देईना.

परीक्षक तिघे होते. पालक मागच्या बाकांवर. टिटवीने सुरुवात केली आणि मला पहिल्यांदाच कळलं, की आवाजाला आठ गुण फार कमी होते. दुसऱ्या कडव्याला तिचा हात घासून स्टिकरचं उजवं टोक सुटलं. तिसऱ्याला 'योग्य' दिसू लागलं. मी जरा सावरले. मग 'अयोग्य' दिसलं. शेवटच्या सुराला सूर्यफूल गळून पडलं आणि सगळा मजकूर सहीसकट तिघांसमोर उभा राहिला.

"हे कुणी लिहिलं, बाळ?" मुख्य परीक्षक बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"आईनं," टिटवी खरं तेच बोलली.

तिघेही मागे वळले. मग बाकीचे पालक वळले.

टिटवीची निवड झाली! बाईंनी तिचे खांदे थोपटले आणि मला बाजूला घेतलं. "मुलीच्या वाद्यावर असं लिहायचं? वर सहीसुद्धा करायची?"

"सहीशिवाय ते वैध होत नाही," मी म्हणाले.

आता मागे वळून पाहता, हे उत्तर टाळायला हवं होतं. प्रवेशपत्रावर टिटवीबद्दल एक ओळ आहे: 'घरच्या विरोधाला न जुमानता उत्तम वादन.' माझ्याबद्दल चार आहेत. जागा टिकवायची असेल, तर आईने सलग सहा रविवार पालकांच्या समुपदेशन वर्गाला बसावं, अशी अट आहे.

मी जाते. आज तिसरा रविवार झाला. आम्ही गोल करून बसतो आणि मुलांना स्वीकारायला शिकतो. तिथल्या खुर्च्यांच्या उंचीत चार मिलिमीटरचा फरक आहे. मी अजून कुणाला बोललेले नाही.