लाल फडक्यातली चंद्रावती

दुपारची जेवणं उरकली की गिरजाबाई हातपाय धुऊन ओटीवर पाट मांडत, लाल फडक्याची गाठ सोडत, आणि तिथून पुढे तासभर त्यांना घरात कुणी हाक मारत नसे. पोथी वाचणाऱ्या माणसाला मधेच उठवायचं नाही, ही गावाची रीत. गाय सुटली तरी सून बायजा स्वतः धावे, पावसाची सर आली तरी वाळत घातलेले वाल स्वतः गोळा करी. चहासुद्धा ती पायरीवर आवाज न करता ठेवून जाई.

फडक्यात पोथी नव्हती. कादंबरी होती.

गिरजाबाई अक्षर शिकल्या ते पंचावन्नाव्या वर्षी, गावातल्या साक्षरता वर्गात. आधी बसच्या पाट्या वाचल्या, मग औषधांच्या बाटल्या, आणि मग एकदा कुणाच्या तरी घरी राजाराणीची कादंबरी हाती लागली, ती सुटलीच नाही. यंदा आषाढात रोह्याला स्टँडजवळच्या हॉलमध्ये निम्म्या किमतीच्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. पावसामुळे गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मुक्काम हलत नाही, असं ते लांबतच गेलं. पहिल्या खेपेला गिरजाबाई मुखपृष्ठावरच्या घोड्याला भुलल्या. आत सगळे तह आणि सनावळ्या. दुसऱ्या खेपेला राणीला भुलल्या, तर राणी चौथ्या पानावर वारली. तिसऱ्या खेपेला त्यांनी शहाणपणा केला. जमिनीवर बैठक मारली, एकेक पुस्तक मधोमध उघडलं आणि एक पान पूर्ण वाचलं. पुढचं पान उलटावंसं वाटलं तरच घ्यायचं.

"आजी, इथंच वाचून संपवणार का?" दुकानदारानं विचारलं.

"तुमी भाजी घेताना वास घेत नाय का?" गिरजाबाई म्हणाल्या आणि बाविसावं पुस्तक उघडलं.

त्यात चंद्रावती होती. गडकऱ्याची मुलगी, चोरदिंडीशी उभी, आणि खाली नदीत एका शिलेदाराची होडी. गिरजाबाईंनी पान उलटलं आणि पैसे काढले.

घरी आल्यावर प्रश्न पडला तो वाचायचं कधी. कादंबरी उघडी दिसली की माणूस रिकामा दिसतो. "आई, जरा भाताकडं बघा," "आई, पोराला घ्या," हे सुरू होतं. म्हणून लाल फडकं. खोटं त्या बोलल्या नाहीत. कुणी विचारलंच नाही.

श्रावण लागला आणि देवळात सात दिवसांचं पोथीवाचन ठरलं. दरवर्षी कमळाकर वाचत, पण यंदा ते मोतीबिंदू काढायला पेणला गेले होते, आणि जाताना दवाखान्यात उशाशी असावी म्हणून देवळाची पोथीही घेऊन गेले होते. आदल्या संध्याकाळी गिरजाबाईंचे धाकटे दीर हैबतराव अंगणात येऊन उभे राहिले. ते देवळाचे पंच होते आणि उभे राहतानाही पंचासारखेच उभे राहत.

"वयनी, वाचक नाय नि पोथी पण नाय. तुमच्याकडं दोनी हाय."

"माझी पोथी साधी हाय भावजी."

"पोथी ती पोथी. साधी नि भारी काय?"

"मी उद्या रोह्यातून दुसरी आणते की. पहिल्या बसनं जाते."

"मांडणी आज व्हायची हाय," हैबतराव म्हणाले. "नि महिनाभर रोज वाचलेली ही. नव्या कोऱ्या पोथीला ते तेज कुठलं?"

त्यांनी ओटीवरचं लाल गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि निघाले. गिरजाबाई त्यांच्या मागून देवळापर्यंत गेल्या. तोवर गाठोडं चौरंगावर चढलं होतं, त्याला हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल होतं. आता समाप्तीपर्यंत तिथून ते हलणार नव्हतं. खरं सांगावं तर गावासमोर हसं होणार, आणि दुपारचा तास गेला तो कायमचा. गिरजाबाई घरी येऊन न जेवता झोपल्या.

वाचनाच्या पहिल्या दुपारी समोर अकरा बाया आणि हैबतराव. गिरजाबाईंनी फडकं असं सोडलं की मुखपृष्ठ खालीच राहिलं. "श्री गणेशाय नमः," त्या म्हणाल्या, आणि प्रकरण पहिलं हे अध्याय पहिला म्हणून ओवीच्या चालीत सुरू केलं. चाल लावली की कशालाही पोथीचा वास येतो. चंद्रावतीला त्यांनी मोठी भक्त करून टाकलं आणि शिलेदाराच्या नावापुढे जमेल तिथे देवाचं नाव घातलं. दुसरा अध्याय संपवताना शिलेदार तुरुंगात पडला.

"मंग सुटला का नाय?" कातकरवाडीच्या भागीनं विचारलं.

"उद्या," गिरजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वीस बाया आल्या. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईंचा मुलगा पोपट येऊन बसला. तो धाटावच्या कंपनीत होता.

"तुझी दुपारची शिफ्ट ना रे?" आईनं हळूच विचारलं.

"बदलून घेतली. शिलेदाराचं काय होतं ते कळल्याबिगर जीव लागत नाय कामात."

चौथ्या दिवशी पुरुषांना बाहेर पायऱ्यांवर बसावं लागलं. हैबतराव खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत. "याला म्हणतात पोथीचं तेज," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "कमळाकर वाचायचा तवा निम्मी माणसं घोरायची."

गिरजाबाईंना मात्र पाचवा दिवस डोळ्यांसमोर दिसत होता. पाचव्या दिवशी दहावं प्रकरण. दहाव्या प्रकरणात चंद्रावती होडीत उतरत होती, आणि लेखकानं पुढची दोन पानं फार मन लावून लिहिली होती. गिरजाबाईंनी ती तीनदा वाचलेली होती, पण एकटीनं. वेळ आली तेव्हा त्यांनी बोटाला थुंकी लावून एकदम दोन पानं उलटली. होडी पैलतीराला लागली.

"लवकर लागली," भागी म्हणाली.

"वारा होता," गिरजाबाई म्हणाल्या.

शेवटच्या अध्यायात चंद्रावतीचं लग्न होतं. ते कळताच बायांनी आदल्या दिवशीच अक्षता रंगवल्या, ओटीला खण आणला, नारळ आणला. समाप्तीच्या सकाळी गिरजाबाई देवळात सारवत असताना हैबतराव आले. कुणी नाही असं बघून त्यांनी चौरंगाजवळ बसकण मारली.

"वयनी, पाचव्या दिवशी तुमी दोन पानं गाळलीत."

"तुमचे डोळे मिटलेले होते भावजी."

"एक मिटलेला होता," हैबतराव म्हणाले. "पारायणात अक्षर गाळलं तर पारायण अपुरं. लग्नाच्या आधी ती पानं वाचा. सगळ्यांसमोर."

"ती सगळ्यांसमोर वाचण्यासारखी नायत."

"देवाच्या पोथीत असं काय असतंय?"

गिरजाबाईंनी सारवणाचा हात पदराला पुसला. तास गेला, असं त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी फडकं सोडलं, पान काढलं आणि पुस्तक दिरापुढे ठेवलं.

हैबतरावांनी आधी मुखपृष्ठ बघितलं. मग निम्म्या किमतीची चिठ्ठी बघितली. मग बोट ठेवून वाचायला लागले. दोन पानांना माणसाला किती वेळ लागावा? गिरजाबाईंचं उरलेलं सारवण झालं, बादली रिकामी झाली, तरी बोट सरकत होतं. एकदा ते मागे गेलं आणि पुन्हा पुढे आलं.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, फडक्याची गाठ स्वतः बांधली, वर फूल ठेवलं.

"हे देवळात वाचायचं नाय," ते म्हणाले.

"बरं."

"मी वाचलं. म्हणजे अक्षर गळलं नाय. पारायण पुरं."

"बरं."

ते पायऱ्या उतरले, चपला घातल्या आणि बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "रोह्यात ते पुस्तकवाले किती दिवस हायत अजून?"

"रविवारपर्यंत हायत म्हणं."

"मंग शनिवारी जाऊ. निम्म्यात देतात तर दोन पोथ्या घेऊ. एक पुढल्या वर्षाला देवळासाठी."

दुसरी कुणासाठी ते हैबतराव बोलले नाहीत आणि गिरजाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी बादली उचलली.

"तीन घेऊ भावजी," त्या म्हणाल्या. "माझी येगळी."

हैबतरावांनी थोडा विचार केला.

"पण निवडायच्या तुमी," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाय."