खिल्लारेकाकांची पावतपासणी

आमचे शेजारी खिल्लारेकाका पाव खायच्या आधी कानाला लावतात. दोन बोटांनी दाबायचा, कानाशी धरायचा, डोळे मिटायचे. पाव त्यांना काय सांगतो ते देव जाणे, पण निकाल ठरलेला : "बराबर न्हाई."

काका एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, तपासणी काही थांबली नाही. वसमतच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला बोलावून विचारलं, "या जिलबीला वेढे किती?" बिचारा मोजतच चुलीकडे परत गेला.

त्यांची एकुलती एक लेक शीतल पुण्यात एका जपानी बेकरीत कामाला आहे. इथं हिंगोलीत कुणी विचारलं, "जपानी लोक पाव खातात व्हय?" तर काका ऐटीत सांगतात, "खातात. आमची पोरगी खाऊ घालती."

गेल्या रविवारी शीतल रात्रभरच्या एसटीनं सकाळी आली, हातात हे एवढं खोकं. काकांनी भिंतीवरून मला हाक मारली, "गुरुजी, या. साक्षीदार पाहिजे."

पहिला पाव गोल, वरून कासवाच्या पाठीसारख्या चौकटी, साखर भुरभुरलेली.

"हा मेलनपान, बाबा. मेलन म्हणजे खरबूज, पान म्हणजे पाव."

काकांनी तो फोडला, आत डोकावून पाहिलं, उलटा करून झटकला. "खरबूज कुठंय?"

"खरबुजासारखा दिसतो म्हणून तसं नाव."

"म्हंजे बोर्ड औंढ्याचा अन् गाडी जिंतूरला! बराबर न्हाई."

दुसऱ्यात लाल कडधान्याचं गोड सारण होतं. काका म्हणाले, "हे तं पुरण हाय. पोळीत जागा भेटली न्हाई, म्हणून पावात घुसलंय."

तिसरा तळलेला, आत मसालेदार रस्सा. काकांनी दणकून चावा घेतला आणि रस्सा थेट माझ्या शर्टावर. "हलू नका गुरुजी," म्हणत त्यांनी तो बोटानं निपटून चाटला. "मीठ बराबर. तिखट गैरहजर." मग आतून ठेचा आणून पावावर थापला आणि पुढची दहा मिनिटं उचक्या देत बसले. उचकीतही मान नकारार्थीच हलत होती.

शेवटचा दुधाचा पाव, कापसासारखा. दाबला की हळूच वर यायचा. काकांनी बराच वेळ कानाला लावला. "हा तं बोलूनच न्हाई राहिला."

शीतलचा चेहरा उतरला. "काल दिवसभर उभं राहून भाजलेत, बाबा. एकाला तरी चांगलं म्हणा."

"फुडच्या टायमाला बघू."

"बघाच! पुढच्या महिन्यात दुसरे आणते. मग कसं नाही म्हणता तेच बघते." दुपारच्या गाडीनं ती तणतणत परत गेली.

मला राहवलं नाही. संध्याकाळी जाब विचारायला गेलो, तर काका ओट्यावर एकटेच. मांडीवर खोकं, जवळजवळ रिकामं.

"काका, लेकरू एवढ्या लांबून येतं. छान म्हणायला काय जातं तुमचं?"

"म्हणलं होतं की, दिवाळीला. केक लई भारी झाला म्हणलं." त्यांनी खोक्यातला चुरा बोटानं टिपला. "मंग काय, केक कुरिअरनं येऊ लागले. पोरगी चार महिने आली न्हाई. नावं ठिवली की सोता घेऊन येती."

काकांनी खोक्यात उरलेला शेवटचा तुकडा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"घ्या गुरुजी. इतकं चांगलं म्या जन्मात खाल्लं न्हाई. तिला सांगू नका."