नसीमआपांचा नंबर

आमच्या शेजारच्या नसीमआपा आमच्याकडं आल्या की आधी स्वतःचा मोबाइल डाळीच्या रिकाम्या डब्यात घालतात, झाकण घट्ट लावतात आणि मगच पाणी मागतात. तरी त्यांना चैन पडत नाही. बोलता बोलता उठतात, डबा फ्रिजवर नेऊन ठेवतात. "ऐकणारा गप बसतो, प्रशांत. मी लई लोकांचं ऐकलेलंय."

ते खरंच आहे. पुंडलिकनगरात राहायला येण्याआधी आपा टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडताना अर्ध्या शहराच्या सोयरिकी आणि भांडणं त्यांच्या कानावरून गेली. कुणाची, ते मात्र आजवर त्यांनी सांगितलेलं नाही. लग्न केलं नाही. एकट्या राहतात, पण एका जागी बसत नाहीत.

फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी टिकली चिकटवली आहे. ती माझ्या बायकोकडून, मेघाकडून, मागून नेलेली. घरपोच काही मागवत नाहीत, कारण पत्ता द्यावा लागतो. आणि त्यांच्यासोबत दुकानात असताना कुणी मोबाइल नंबर विचारला की मी आधी दाराकडं बघतो. शहागंजात एकदा चपलेच्या दुकानातल्या मुलीनं फारच आग्रह धरला. आपा म्हणाल्या, "कायको? चप्पल पायात घालायची हाय, कानाला नाय लावायची." चप्पल तिथंच सोडून आम्ही बाहेर.

मागं मेघाला दिवस गेले. आम्ही हौसेनं जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात लहान मुलांचे कपडे बघायला गेलो. तिथं सवलतीसाठी मेघानं नंबर दिला आणि बाळंतपणाची तारीखही. हे ऐकून आपा आमच्या हॉलमध्ये येरझाऱ्याच घालायला लागल्या. तारीख कशाला दिली, अजून जगात न आलेल्या लेकराची चौकशी त्यांना कशाला, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. आम्ही हसलो.

चौथ्या महिन्यात आमचं बाळ गेलं.

दुकानाचे मेसेज मात्र थांबले नाहीत. तुमचं बाळ आता पेरूएवढं झालं. तुमचं बाळ आता सीताफळाएवढं झालं. सोबत पाळण्याचे, दुपट्यांचे फोटो. मी एक नंबर बंद केला की दुसऱ्यावरून यायचे. मेघा मेसेज वाचायची, फोन पालथा ठेवायची आणि उगाच उठून कपाट आवरायला लागायची.

एका दुपारी आपांनी तो पालथा फोन उचलला. वाचला. मला म्हणाल्या, "चप्पल घाल. चल."

दुकानातला मॅनेजर भला माणूस होता, पण हेका एकच. सिस्टिममधून नाव निघत नाही, फक्त नंबर बदलता येतो. नव्या नंबरवर ओटीपी येईल. आपा काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत फिरत होत्या. मी म्हणालो, माझा नंबर टाका.

"तुझा नक्को," आपा म्हणाल्या. "तुझा फोन तिच्याच उशाशी वाजनार."

मग त्या थांबल्या आणि एकेक आकडा सुटा करत त्यांनी स्वतःचा नंबर सांगितला. मागं रांग होती, सगळ्यांना ऐकू गेला. ओटीपी आला, तोही वाचून दाखवला. परत येताना रिक्षात पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

त्या दिवसापासून मेघाचा फोन शांत झाला.

दिलेली तारीख आली त्या दिवशी मेघा सकाळपासून पडून होती. मी बाहेर जिन्यात येऊन बसलो. आपाही तिथंच होत्या. त्यांचा फोन वाजला. चष्मा लावून त्यांनी वाचलं, पुन्हा हळूहळू वाचलं. मला दिसलं: नव्या आईचं अभिनंदन.

मी म्हणालो, "आपा, द्या, बंद करून टाकतो."

"नक्को. मी बंद केलं आन् त्यांनी परत तिचा नंबर हुडकला तर?" त्यांनी फोन ओढणीच्या पदराखाली झाकला. "मेघा जेवली?"

"नाही."

"मी बी नाय जेवले," म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "भात टाकते. तिला म्हनावं, आपाला एकटीला जेवन जात नाय."