लाइट चालू आहे, बाई

डहाणू तालुक्यात आजवर जेवढे मोटरसायकलवाले पडले ते बेसावध होते म्हणून पडले, आणि रुचिता बेसावध राहणार नव्हती. हे तिने नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना खालच्या मजल्यावरच्या सुषमालाही सांगितलं. बी.एस्सी. झालेली बाई एखादी गोष्ट मनावर घेते तेव्हा ती आधी वाचून काढते. रुचिताने मोटरसायकल आधी वाचली, मग चालवली.

हौस म्हणून नव्हे. ती शिकवायची ती शाळा सायवनला आणि घर डहाणूत. शाळा सुटली की कासापर्यंत एक जीप, कासाहून दुसरी. आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही, भरली तरी हलत नाही, मागे दोघं लटकले की मगच हलते. रुचिता घरी पोचेपर्यंत दोन वर्षांची शितू झोपलेली असायची. सकाळी निघतानाही झोपलेलीच. रविवारी शितू आईकडे पाहुण्यांकडे बघावं तसं बघायची आणि संध्याकाळ झाली की तिला टाटा करायची. परत जायची वेळ झाली ना तुमची, अशा अर्थाने. हा टाटा रुचिताला सोसेना. पोरगी जागी असताना घरी पोचायचं, एवढंच तिला हवं होतं.

"महिनाभर बघू," शैलेश म्हणाला. तो रेल्वेत होता, त्यामुळे रुळावरून न जाणाऱ्या कुठल्याच वाहनावर त्याचा विश्वास नव्हता. "पण काही झालं तर गाडी विकून टाकायची."

"मला काय होणार आहे?"

"तुला नाही गं. तुझ्यामुळे दुसऱ्याला होईल."

रुचिताने तिकडे दुर्लक्ष केलं. तिची तयारी चालली होती. हेल्मेट पांढरं, कारण पांढरं लांबून दिसतं. वर चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, तेही लांबून दिसतं. पडलं तर गुडघे सोलवटू नयेत म्हणून जाड खाकी पँट. पायात काळे बूट. आणि रस्त्यात फोन हातात घ्यायचा मोह नको, म्हणून तो छातीवर बांधलेल्या पाकिटात, कॅमेऱ्याची काच बाहेर.

"लढाईवर निघालीस का?" सासूबाईंनी विचारलं. चंद्रिकाबाई शितूला घेऊन कासाला निघाल्या होत्या. बहिणीकडे, यमुनामावशीकडे सत्यनारायण होता.

"आई, तुम्ही उजेडात परत निघा हं. मी आज लवकर येणार आहे. आणि घाबरू नका, मी रस्त्यावरून नजर हटवत नाही."

"बरं बाई. शितू, आईला टाटा कर." शितू झोपलेली होती.

सकाळचा प्रवास सुखरूप झाला, फक्त एक कटकट सोडून. नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंद होत नाही. कंपनीने बटणच दिलेलं नाही. पण हे समोरून येणाऱ्या माणसांना कुणी सांगावं? जो तो हात वर करून मूठ उघडायचा आणि मिटायचा. लाइट चालू आहे, लाइट चालू आहे. एका चिकूच्या टेम्पोवाल्याने तर गाडी हळू करून सांगितलं, "बेन, लाइट चालू छे." सुरुवातीला रुचिता मान डोलवून आभार मानत होती. नंतर हेल्मेटच्या आत ओरडून "बंद होत नाही" म्हणू लागली. सायवन येईपर्यंत तिने दोन्ही सोडून दिलं.

संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा ती पाठीपासून मनगटापर्यंत दुखत होती, पण नजर शाबूत होती. कासा नाका आला. डहाणूची जीप भरत उभी होती. टपावर चार जण, मागच्या फळीवर तिघं. रुचिताने पुस्तकात वाचल्याप्रमाणे वेग कमी केला, कारण उभ्या जीपमागून कुणी धावत येऊ शकतं.

तेवढ्यात जीपवाला काहीतरी ओरडला. टपावरची माणसं आंबे पडावेत तशी खाली पडली. आतली भराभरा उतरली. रिकामी जीप उलट वळून गल्लीत शिरली, मागोमाग दुसरी, तिसरी. क्षणात नाका मोकळा.

रुचिताला भरून आलं. नवशिक्या बाईला वाट करून देणारी माणसं अजून आहेत म्हणायची. डोळ्याच्या कोपऱ्यात कुणी बाई कडेवर मूल घेऊन उभी दिसली. मूल जीव तोडून हात हलवत होतं. आता कडेवरची पोरंसुद्धा लाइट चालू आहे म्हणून सांगायला लागली, तिने वैतागून मनात म्हटलं, आणि रस्त्यावरून नजर न हटवता पुढे गेली.

चारोटीला हायवेच्या पुलाखाली पूर्ण मोकळी जागा मिळेपर्यंत ती कडेला थांबून एकेका वाहनाकडे निरखून बघत राहिली. आज लोक विलक्षण शिस्तीत होते. तिघं बसलेल्या मोटरसायकलवरचे दोघं उतरून चालू लागले. एकाने हेल्मेट नाही म्हणून डोक्यावर स्टीलचा डबा धरला.

पुढे एका टपरीवर ती थांबली. थकवा आला की थांबायचं, हेही वाचलेलं होतं. टपरीवाल्याने चहा दिला, बिस्किटं दिली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

"अहो, घ्या की."

"नको मॅडम. तुमच्याकडून कसे घेऊ? फक्त हे बाकडं रस्त्यात येतंय असं लिहू नका."

काय लिहायचं, कुठे लिहायचं, हे विचारायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तिने पाकिटातून फोन काढला. सासूबाईंचे एकामागून एक कॉल येऊन गेले होते.

"अगं कुठे आहेस?" चंद्रिकाबाई म्हणाल्या. "आम्ही कासालाच. चांगली पुढची जागा मिळाली होती, तर कुणी पोलीसबाई आली आणि सगळ्या जीपा पळाल्या. आता एक बाहेर पडायला तयार नाही. इथे माणसांची जत्रा जमलीय."

"पोलीसबाई?"

"हो ना. पांढरं हेल्मेट, पिवळं जाकीट, छातीवर कॅमेरा. इकडे बघेना, तिकडे बघेना, सरळ समोर. आणि तुझी ही पोरगी, त्या बाईकडे बघून आई आई करून बोंबलत होती. मी दटावलं तिला. म्हटलं गप, उचलून नेईल."

रुचिताने मान खाली घालून स्वतःच्या जाकिटाकडे पाहिलं. मग टपरीवाल्याकडे. मग कपातल्या फुकट चहाकडे.

"आई," ती म्हणाली, "तिथेच थांबा. मी येतेय."

"तू कशाला? शितूला गाडीवर घेणार नाही म्हणाली होतीस ना?"

"नाही घेणार. पण येते."

ती परत फिरली. दिवस मावळत आला होता. म्हणजे आज आई लवकर येणार म्हणून झालेला सगळा गाजावाजा संपला होता, आणि शितू नाक्यावरच आजीच्या खांद्यावर झोपणार होती. कासा नाक्यावर तिला बघताच गर्दी दुभंगली. गल्लीच्या तोंडाशी डोकावणारी जीप पुन्हा आत गेली. रुचिताने गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं.

"अगोबाई," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

त्यांच्या खांद्यावरून शितूने डोकं वर काढलं. जागी होती. "आई," ती आजीला म्हणाली, बघ मी सांगत होते अशा सुरात.

गल्लीतून लहान्या जीपवाला बाहेर आला. रुचिता दोन वर्षं याच्याच जीपमधून जात होती. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"बाई, तुम्ही? म्हणजे सकाळपासून ती लेडीज साहेब फिरतेय म्हणतात ती तुम्ही? तलासरीपर्यंत बातमी गेलीय. माझा भाऊ गाडी घेऊन चिकूच्या वाडीत लपलाय."

"मी फक्त नीट चालवत होते, लहान्या."

"म्हणून तर संशय आला. इथे कोण चालवतं असं? आता ते जाकीट काढा बघू."

"अंधारात नाही काढणार."

लहान्याने कपाळाला हात लावला. "मग एक करा. माझ्यापुढे राहू नका, नाहीतर डहाणूपर्यंत एक पॅसेंजर हात दाखवायचा नाही. मागून या."

"आणि टपावर कुणी नको. मागे लटकायचं नाही. आत माझी मुलगी आहे."

लहान्याने जाकिटाकडे पाहिलं आणि तिच्याशी वाद घालायचं धैर्य त्याला झालं नाही. उरलेली माणसं दुसऱ्या जीपकडे चालू लागली. जाताजाता एक म्हातारा म्हणाला, "खरी पोलीस बरी होती."

चंद्रिकाबाई मागच्या काचेपाशी बसल्या. "शैलेशला काय सांगायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

रुचिता हेल्मेटचा पट्टा आवळू लागली, तेव्हा त्यांनीच सुचवलं,

"चेकिंग होतं म्हणून उशीर झाला, असं सांगू. खोटं नाही ते."

जीप निघाली. मागे जाकीट आहे हे आठवून लहान्या आयुष्यात प्रथमच सावकाश चालवत होता. रुचिता नेमून दिलेलं अंतर ठेवून मागोमाग. मागच्या काचेला नाक लावून शितू तिच्याकडे टक लावून बघत होती. चारोटी गेलं, टपरी गेली, तरी ती झोपली नाही. समोरून नजर हटवायची नाही हा नियम पाळायला रुचिताला पहिल्यांदाच काही कष्ट पडत नव्हते.

डहाणू जवळ आलं तेव्हा शितूने हात वर केला. रुचिताला वाटलं, आता टाटा करणार.

शितूने मूठ उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"बंद होत नाही गं, बाळा," रुचिता हेल्मेटच्या आत म्हणाली.