वीबेच्या कार्डावरची लिली

कात्री आणि डिंक हातात आला, की मला अशक्य असं काही नाही! डेकूपाज म्हणजे तरी काय हो? सुंदर छापील चित्र कापायचं, चिकटवायचं, वरून पातळ डिंकाचा हात फिरवायचा. संपलं! हे मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याच्या निवृत्तीच्या समारंभाची सगळी निमंत्रणं घरीच करायला घेतली.

माझा नवरा वीबे म्हणजे फ्रिझलंड या डच प्रांतातल्या आमच्या गावच्या कालव्यावरचा पूलवाला. होडी आली की पूल वर, गेली की खाली. असा जन्म काढला.

बाजारातून मी लिलीच्या फुलांचे कागदी रुमाल आणले. त्यांचा वरचा छापील पापुद्रा सोलून काढायचा असतो. तो कांद्याच्या सालीपेक्षा पातळ! पहिली लिली माझ्या कोपराला चिकटली, दुसरी मांजराला. तिसरी बसली एकदाची कार्डावर. जरा मोठीच होती. मजकुरावर आली. पण डिंक वाळला होता, आणि दिसत होती इतकी झकास, की बाकीची कार्डंही मी तशीच केली. चंदेरी फीत संपली म्हणून चहूबाजूंनी राखाडी कागदाची किनार लावली. कसं भारदस्त वाटलं!

मजकूर असा होता: 'आयुष्यभराच्या सेवेनंतर आमच्या वीबेला नोकरीतून अखेर विश्रांती मिळाली. शनिवारी दुपारी घरी या. कॉफी आणि केक आहे.'

लिलीखाली गेला होता फक्त एक शब्द. 'नोकरीतून'.

कार्डं टपालात पडली. दोनच दिवसांत उत्तरं यायला लागली. 'आफ्के, या कठीण काळात आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.' 'धीर धर, हळूहळू सवय होईल.' माझे डोळे भरून आले! नवरा दिवसभर घरात असणं म्हणजे काय, हे या बायकांना बरोबर कळलं होतं.

मग माझी मैत्रीण रिन्स्के हिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"आफ्के, अगं असं अचानक?"

"अचानक कसलं! वर्षभर वाट बघत होतो."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"आता... कुठे आहे तो?"

"मागच्या खोलीत. आडवा पडलाय." वीबेची कंबर धरली होती ना!

"घरीच ठेवलंयस?"

"मग काय गोठ्यात ठेवू?"

"तसं नाही गं... पण खोली गार आहे ना?"

"खिडकी सताड उघडी ठेवलीय. नाहीतर वास येतो." कमरेला चोळायच्या मलमाचा हो!

रिन्स्केनं हुंदका देऊन फोन ठेवला. इतकं काय मनाला लावून घ्यायचं, मला कळेना.

शनिवार उजाडला. कंबर सुटल्यामुळे वीबे खुशीत होता. पिवळाधमक सदरा घालून, डोक्यावर कागदाची टोपी चढवून तयार! मला मात्र एकच धाकधूक होती. धाकटा दीर हार्मेन येईल का? वडिलांच्या होडीवरून दोघा भावांचं बिनसलं, तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी गुपचूप त्यालाही कार्ड धाडलं होतं.

घंटा वाजली. वीबेनंच दार उघडलं.

दारात हार्मेन. काळा सूट, हातात पांढरी शेवंती, डोळे सुजून टोमॅटो झालेले! वीबेला बघताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फुलं गळून पडली. मागच्या काळ्या कोटांच्या गर्दीतून रिन्स्के किंचाळली, "उठलाऽऽ!" आणि पुलावरचे चार दणकट गडी, जे खांदा द्यायला आले होते, ते कुंपणावरून उडी मारून शेजारच्या कोबीत!

"तू... जिवंत आहेस?" हार्मेननं विचारलं.

"हो. का?" वीबे गोंधळला.

हार्मेननं खिशातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. वीबेनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. लिली, राखाडी किनार, वर कॉफी आणि केक... आमच्याकडे मयताचं कार्ड अस्संच असतं! मी पुढे होऊन नखानं लिली खरवडायला लागले. कार्ड फाटलं, पण लिली सुटली नाही.

"अख्खा रस्ता गाडीत रडत आलो मी!" हार्मेन ओरडला. "दादा, दादा करत! त्या रडण्याचं आता काय करू?"

वीबेनं टोपी काढली आणि भावाला घट्ट मिठी मारली. बराच वेळ दोघं तसेच उंबऱ्यात उभे. शेवटी कोबीतून एक गडी चाचरत म्हणाला, "आम्ही येऊ का आत? नाही, कॉफी लिहिलंय म्हणून..."

मग काय! काळ्या कपड्यांतली सगळी मंडळी घरात आली आणि केकचा फडशा पडला. गड्यांनी लिहून आणलेलं भाषणही वाचलंच. 'असा माणूस पुन्हा होणे नाही' याला वीबेनं सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

निघताना हार्मेन माझ्यापाशी थांबला. म्हटलं, आता आभार मानणार! दोन भावांना मीच तर एकत्र आणलं होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "दादा खरंच जाईल ना, तेव्हा कार्ड तेवढं विकतचं पाठव. तुझं आलं, तर मी समारंभच समजून नवा सदरा घालून येईन!"