उतू न गेलेलं दूध

"टेबलावर कोणी झोपतं का?" श्रुतिकाने विचारलं.

"टेबलावर नाही गं, टेबलाचा पलंग होतो. बघ!" सिद्धेशने टेबलाचा पाय काढला, फळी दोन बाकांच्या मधे बसवली, वर पाठ टेकायच्या गाद्या टाकल्या आणि जादूगारासारखे हात पसरले. एक हात खिडकीवर आपटला, दुसरा कपाटावर.

"आणि कोणी जेवत असेल तर?"

"मग तो उठल्यावर झोपायचं."

"कांदे-बटाटे कुठे?"

"पलंगाखाली. झकास जागा आहे. झोपलेला माणूस उठला की मिळतात."

हा माणूस इंजिनिअर होता आणि श्रुतिकाने त्याच्याशी स्वतःहून लग्न केलं होतं.

अंधेरीची त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं आणि दुसरं घर श्रुतिकाला पसंत पडत नव्हतं. एका ठिकाणी खिडकीला ग्रिल नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी लिफ्टचं दार मधेच उघडायचं. तेवढ्यात सिद्धेशचा मित्र मिथुन नोकरीसाठी मस्कतला निघाला. मनोरीच्या खाडीत त्याची जुनी केबिनवाली बोट उभी होती. "रहा की रे, तेवढीच राखण होईल," असं तो सहज बोलून गेला आणि सिद्धेश झपाटला. तीन वर्षांच्या जानकीला घेऊन पाण्यावर राहायचं, या कल्पनेनेच श्रुतिकाची झोप उडाली. शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी बोट एकदा बघायची; श्रुतिका नको म्हणाली की विषय बंद.

म्हणून रविवारी सकाळी मिथुनने छोट्या होडीतून त्यांना बोटीवर आणून सोडलं होतं. "बारापर्यंत न्यायला येतो. नंतर पाणी उतरतं, बोट चिखलात बसते. तयार राहा," असं बजावून तो किनाऱ्यावर परत गेला होता. श्रुतिकाने ओढणीचं एक टोक जानकीच्या कमरेला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधलं होतं. बाहेरचा कठडा तिच्या गुडघ्याएवढा होता. एवढ्यावरूनच तिचं उत्तर ठरलं होतं. पण नाही म्हणण्याआधी सगळं नीट बघून, मुद्देसूद नाही म्हणायचं, असा तिचा निश्चय होता.

"पुढे बेडरूम!" सिद्धेश ओणवा होत म्हणाला. बोटीच्या टोकात एक तिकोनी गादी होती. डोकी रुंद बाजूला, पाय टोकाकडे.

"तीन माणसांचे सहा पाय या कोपऱ्यात? जानकी झोपेत लाथा मारते, माहितीये ना?"

"सवय होईल गं."

"कोणाला? मला की लाथांना?"

"आई, शू," जानकीने ओढणी ओढली.

सिद्धेशने उत्साहाने एक अरुंद दार उघडलं. आत कमोड होता आणि बाजूला एक दांडा. "झालं की दांडा वरखाली करून पंप मारायचा. आणि हा नळ वर ओढला की शॉवर."

"शॉवर कुठे घ्यायचा?"

"इथेच. बसून."

"कमोडवर बसून आंघोळ? आई, ऐकताय ना हो तुमच्या मुलाचं?"

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. रत्नप्रभाबाई मूळच्या मालवणकडच्या, बोटीला त्या घाबरत नव्हत्या. त्या पायऱ्यांजवळच्या शेगडीसमोर उभ्या होत्या आणि पिशवीतून कोरं पातेलं आणि दुधाची बाटली काढत होत्या.

"आई, हे काय? आपण फक्त बघायला आलोय!"

"पाय लागलो ना घराक? मग दूध उतू जावक होया. त्याबिगर घर लाभत नाय."

"घर घ्यायचं ठरलेलंच नाही अजून!"

"ठरला तर परत कोण येतला दूध घेऊन?"

शेगडी पाळण्यासारखी दोन बाजूंनी टांगलेली होती. बोट कुठेही कलो, ती सपाटच राहणार. भांडं घसरू नये म्हणून कडेला चिमटेही होते. फक्त ती जुनी झाली होती. बटण दाबून धरलं तरच ज्योत राहायची, हात काढला की विझायची. रत्नप्रभाबाई बटण दाबून उभ्या राहिल्या.

ज्योत करंगळीएवढी होती. दूध तापेना. सिद्धेशने तेवढ्यात पायरीचं झाकण उघडून खालचा खण दाखवला, दुसऱ्या पायरीखाली इंजिन दाखवलं, आणि श्रुतिकाने जानकीचा हात त्या इंजिनातून तीनदा बाहेर काढला.

फोन वाजला. मिथुन होता. "अरे, न्यायला येऊ ना? पाणी उतरायला लागलंय."

"पाच मिनिटं यार. दूध येतंय."

"कसलं दूध?"

"दूध चढवलेलं असताना बाहेर पडायचं नाय," रत्नप्रभाबाईंनी निक्षून सांगितलं. "मधेच सोडला तर अपशकुन."

"आई, वाट लागेल आपली!"

"मेल्या, ओहोटी माका शिकवतंस? थांब, साय धरली बघ."

दुधाने साय धरली, कडेने फेस आला, मधला भाग फुगला. "इला, इला!" रत्नप्रभाबाई ओरडल्या. त्याच क्षणी खालून घस्स असा आवाज आला आणि अख्खी बोट एका अंगावर कलली. बटाट्यांचा खण उघडला. पलंगाची पुन्हा फळी झाली. संडासाचं दार धाडकन उघडून सिद्धेश आत बसता झाला. श्रुतिकाने जानकीला पोटाशी धरून खांब पकडला. रत्नप्रभाबाईंनीही तोल सावरायला तोच खांब पकडला.

बटणावरचा हात सुटला. ज्योत विझली. फुगलेलं दूध शहाण्यासारखं खाली बसलं.

सगळी बोट तिरकी, फक्त दूध सरळ. एक थेंबही सांडला नव्हता.

"ह्या काय ता!" रत्नप्रभाबाई संतापल्या. त्यांनी परत बटण दाबलं. दूध वर आलं आणि बोट चिखलात आणखी थोडी रुतली. परत खांब, परत दूध खाली. तिसऱ्यांदा दूध निम्मं चढलं आणि गॅसच संपला.

संध्याकाळपर्यंत चौघं तिरक्या भिंतीला पाठ टेकून बसली. आजूबाजूला नुसता चिखल, उतरायची सोय नाही. जानकीने ते दूध बिस्किटांबरोबर संपवलं आणि त्या तिकोनी कोपऱ्यात, उतारावर, ढाराढूर झोपली. घरी दुपारी ती कधीच झोपत नसे. श्रुतिकाला याचाही राग आला.

भरती आली, बोट सरळ झाली, मिथुन होडी घेऊन आला. सिद्धेशने केविलवाण्या चेहऱ्याने विचारलं, "मग? काय ठरलं?"

श्रुतिकाने श्वास घेतला. कठडा, इंजिन, सहा पाय, कमोडवरची आंघोळ, सगळं जिभेवर तयार होतं.

"नको," रत्नप्रभाबाईच म्हणाल्या. "ज्या घरात दूध उतू जायत नाय, थंय माजी नात ऱ्हवाची नाय."

"ठीक आहे आई," सिद्धेश निमूटपणे म्हणाला आणि विषय संपला. दिवसभर जीव मुठीत धरून श्रुतिकाने जमवलेली कारणं कोणी विचारलीसुद्धा नाहीत.

महिनाअखेर त्यांना बोरिवलीला घर मिळालं. पक्कं, दुसऱ्या मजल्यावरचं, सगळ्या खिडक्यांना ग्रिल असलेलं. रत्नप्रभाबाईंनी पहिल्याच सकाळी दूध चढवलं. मोठी ज्योत, सपाट ओटा. दूध भसकन वर आलं आणि बर्नरवर, ओट्यावर, ड्रॉवरमधे, फरशीवर पसरलं. सगळ्यांनी हात जोडले. सिद्धेशने फोटो काढला. मग सिद्धेश ऑफिसला गेला, रत्नप्रभाबाई शेजारणीशी ओळख करून घ्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्रुतिका जानकीच्या मागे धावली आणि दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी जानकी बाथरूममधे अडकली आणि दूध उतू गेलं. चौथ्या दिवशी सिद्धेश घरी आला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून ओट्याखालची वाळलेली साय सुरीने खरवडत होती.

"मिथुनला फोन लाव," ती वर न बघता म्हणाली.

सिद्धेशचे डोळे चमकले. "बोटीसाठी?"

"बोटीचं नाव काढलंस तर बघ!" तिने सुरी रोखली. "त्याला म्हणावं, ती शेगडी देतोस का?"