वारा पाठीशी, अक्कल वाऱ्यावर

लग्नाच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी बायकोला भेटायला सायकलवरून जायचं, तेही ऑस्ट्रेलियातल्या नलारबरच्या उजाड माळावरून, हे खूळ नेव्हिल हॉस्किनच्याच डोक्यात शिरू जाणे. बासष्टाव्या वर्षी माणसाने गुडघ्यांना तेल चोळत घरी बसावं. पण या पठ्ठ्याने जाहीर केलं, "अख्खी वाट पायडल मारत पार करणार. इंचभर जरी गाडीत बसलो तर नाव लावणार नाही!" बायको मॉरीन आदल्या दिवशीच बसने पुढे गेली आणि नव्वद किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपाच्या हॉटेलात खोली घेऊन बसली. "सहाला जेवण सांगितलंय," तिने फोनवर बजावलं. "उशीर केलास तर तुझ्या वाटचं मटणही मीच खाईन!"

सकाळी सहाला ग्लेनिसच्या पेट्रोलपंपावरच्या खानावळीत चार अंडी हाणून नेव्हिल निघाला.

"पश्चिमेचा वारा सुटलाय रे," गल्ल्यावरून ग्लेनिस म्हणाली. "थोबाडावर बसेल."

"वाऱ्याला विचारतंय कोण?"

वाऱ्याने मात्र त्याची चांगलीच विचारपूस केली. पाच तासांत पंचेचाळीस किलोमीटर! धड निम्मं अंतर झालं तेव्हा रस्त्याकडेला छपराखाली पाण्याची टाकी दिसली. नेव्हिलने सायकल टेकवली, सावलीत अंग टाकलं आणि तासभर घोरला.

उठला तेव्हा सूर्य डोक्यावर. दोन्हीकडे तोच सरळ रस्ता, तीच खुरटी झुडपं. नेव्हिलने चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेलं. कुठे वळायचं ही काळजी रुळांची, त्याची नव्हे. डोळे चोळत सायकलवर बसला, आणि काय आश्चर्य! सायकल लोण्यावरून निघाल्यासारखी सुटली.

"वारा फिरला! अरे, फिरला लेकाचा!" तो ओरडला आणि बेसूर गाऊ लागला.

समोरून येणारे ड्रायव्हर रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होते. हाही दिलखुलास बोट उचलत होता. तेवढ्यात मागच्या चाकात काटा घुसला. त्या मुलुखात कुणी थांबलेला दिसला की पुढे निघून जाणं म्हणजे पाप. पाच मिनिटांत दोन गाड्या उभ्या.

"पाणी आहे का, दोस्ता?"

"आहे."

"तरी घे. बस गाडीत, सोडतो."

"जमणार नाही! नवस आहे माझा."

त्यांनी पाच लिटर पाणी, लोणच्याची बरणी आणि अर्धा केक त्याच्या गळ्यात मारला. कुठे चाललास, एवढं मात्र एकानेही विचारलं नाही. रस्ता एकच, त्यात तसलं विचारणं म्हणजे भोचकपणा. पंक्चर काढून तो पुन्हा सुटला आणि बऱ्याच वेळाने मागून एक लांबलचक ट्रक भोंगा ठणाणत गेला. याने बोट उचलून सलाम ठोकला.

सायकलच्या मीटरवर बरोबर नव्वद किलोमीटर भरले आणि समोर पंप दिसला. अडीचसुद्धा वाजले नव्हते! छाती फुगवून नेव्हिल आत शिरला.

"हॉस्किनबाईंची खोली कुठली?"

गल्ल्यावरून ग्लेनिसने वर पाहिलं. "का रे? सकाळची अंडी कमी पडली?"

नेव्हिलला उमगलं, हा तर सकाळचाच पंप. मॉरीन नव्वद किलोमीटर लांब, समोर तोच मेला वारा आणि सहाला जेवण. गाडीत बसावं तर नवस मोडतो, न बसावं तर संसार. तो मटकन खुर्चीत बसला.

"आता काय तोंड दाखवू गं तिला?"

"आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार?" कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. मॉरीन! पुढ्यात चहा.

"तू? इथे?"

"एक ट्रकवाला तिकडे येऊन म्हणाला, एक म्हातारा सायकलवरून ग्लेनिसच्या पंपाकडे सुसाट सुटलाय, गातोय. म्हटलं, हा आमचाच. ट्रकवाल्याला माझी दया आली. ट्रक उलटा फिरवून सोडलं त्याने मला इथे. वाटेत आम्ही तुझ्या बाजूनेच गेलो की!"

"भोंगा वाजवणारा तो? आणि तू थांबवलं नाहीस मला?" नेव्हिल भडकलाच. "दहा-पंधरा किलोमीटर उगाच तंगडतोड झाली माझी!"

"ट्रकवाला ब्रेक मारत होता. मीच नको म्हटलं." मॉरीनने त्याच्यापुढे कप सरकवला. "एकेचाळीस वर्षांत तुला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं रे मेल्या. माझ्याच्याने मोडवेना."

 नेव्हिलने पिशवीतला अर्धा केक काढून तिच्यापुढे ठेवला.